करडईचा पिवळा

दादानं ती जपानी गाडी ट्रकवर घालून सिरसाळ्याला आणली, तेव्हा सहकारी साखर कारखान्याचं धुराडं गार पडलेलं होतं. ऊसच नव्हता तर गाळप कशाचं करणार? दादा तिथं इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता. कारखाना बंद म्हटल्यावर त्याच्यासारख्या माणसानं दिवसभर करायचं काय, तर मीटरवरची धूळ पुसायची आणि पाऊसपाण्याच्या गप्पा मारत चहा प्यायचा. त्या रिकामपणातून हे वेड निघालं. कुणा बोटीवरच्या साहेबानं परदेशातून आणलेली आणि मग मुंबईत एका इमारतीखाली वर्षानुवर्षं उभी राहिलेली ती गाडी. दोन दारं, दोनच सीट, आणि इतकी बसकी की वडील पहिल्यांदा बघून म्हणाले, "ह्यात बसायचं हाय का निजायचं?"

घराच्या अंगणात ठेवली असती तर गाव लोटलं असतं. म्हणून गावाबाहेरच्या सहकारी जिनिंगच्या शेडमध्ये तिला जागा मिळाली. जिनिंगही बंदच होतं. वडील एकेकाळी तिथले संचालक होते, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. पत्र्याची लांबच लांब शेड, कापसाची जुनी धूळ कोपऱ्याकोपऱ्यात साचून तिचे पांढरे पुंजके झालेले, आणि म्हातारा राखणदार दारातच खाट टाकून बसलेला.

त्या गाडीचे पुढचे दिवे झाकलेले असत. बटण दाबलं की बॉनेटमधून दोन्ही दिवे वर यायचे, झोपलेल्या जनावरानं डोळे उघडावेत तसे. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. दादा मात्र खूश. तो दर रविवारी आणि पुढं पुढं रोजच तिथं असायचा. वहिनी बॅटरी धरायची, पाना द्यायची, डबा न्यायची. वहिनी तलवाड्याची. माझ्याच वयाची, पण मला "ताई" म्हणायची आणि मी तिला अहो-जाहो करायचे. तिनं दादाला कशाला नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. भीतीनं नव्हे. त्यानं विचारायचं, "काय करू गं?" आणि तिनं म्हणायचं, "तुमाला वाटंल तसं." एवढाच त्यांचा संसार, आणि तो बरा चालला होता.

गाडीचं इंजिन त्यानं चालू केलं. जुना रंग खरवडून काढला, पत्र्याचे पोचे सरळ केले आणि बीडच्या एका पेंटरला बोलावून अंगावर रंगाआधीचा करडा प्रायमर मारून घेतला. राहिली होती फक्त चाकं आणि रंग. नेमक्या त्याच दोन गोष्टींवर त्याचं ठरत नव्हतं.

मी तेव्हा दूध संघाच्या चिलिंग सेंटरला फॅट तपासायच्या कामावर होते. जनावरं छावण्यांत गेली होती, कॅन अर्धेमुर्धे यायचे. टँकर कधी येईल त्याचा भरवसा नव्हता, म्हणून घरोघरी पिंपं भरून ठेवलेली. त्या साठवलेल्या पाण्यात डास झाले. गावात डेंग्यूची साथ आली आणि दादाला ताप भरला. बीडला नेलं. आठवड्याभरात सगळं संपलं. कारखान्यातली माणसं, दूध संघातली माणसं, सगळे आले. मातीला आले ते हात धुवायला पाणी मागताना संकोचत होते, हे मला अजून आठवतं.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि बीडच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातून फोन आला. दादाच्या नावानं पार्सल आलंय, घेऊन जा.

वडील म्हणाले, "परत पाठवा. काय आसंल ते."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "मामा, मी जाऊन बघून येते."

सासऱ्यासमोर ती एवढं तरी बोलली याचंच घरात सगळ्यांना नवल वाटलं. वडिलांनी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं बीडला गेलो.

ट्रान्सपोर्टच्या गोदामात आठ खोकी रचून ठेवली होती. आत गाडीची अलॉयची चाकं. दोन निरनिराळ्या नमुन्यांची, एकेक पूर्ण संच. एक संच चंदेरी, बारीक जाळीसारख्या आऱ्यांचा, आकारानं मोठा. दुसरा जरा लहान, जाड पाच आऱ्यांचा, जुन्या पितळी तांब्यासारख्या रंगाचा. मी पावतीवर सही केली. कारकून म्हणाला, "बरं झालं आलात. साहेब म्हणलेच होते, घरची माणसं येतेल."

"कोण साहेब?" मी विचारलं.

"ज्यांचं पार्सल हाय तेच की. काल सकाळी येऊन गेले. खोकं उघडून बघितलं, चाकावर आसा हात फिरवला. म्हणलं घेऊन जा, तर म्हणले, माझ्याच्यानं न्यायचं होत न्हाई, घरचे येतेल."

मी वहिनीकडं बघितलं. तिचा चेहरा जसाच्या तसा होता. तिनं फक्त विचारलं, "बरे दिसत होते का?"

"वाळल्यावानी वाटले थोडे," कारकून म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

मी स्वतःला समजावलं. कारखान्यातला दादाचा एखादा मित्र असेल. परत आल्यावर मी दादाच्या प्रत्येक मित्राला विचारलं. बीडला कुणीच गेलं नव्हतं.

त्या दिवशी टेम्पोत खोक्यांशेजारी बसून येताना वहिनी म्हणाली, "गाडी पुरी करायची, ताई. आर्धी न्हाई ठेवायची."

घरात त्यावरून बोलाचाली झाली. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. वडील म्हणाले, "माणूस गेलं. आता पत्र्याला रंग कावून?" वहिनी जागची हलली नाही. ती उभीच राहिली. शेवटी वडीलच उठून गेले आणि तोच होकार समजून आम्ही कामाला लागलो.

माझी सुट्टी दुपारी व्हायची. चिलिंग सेंटरवरून मी थेट जिनिंगला जायचे, वहिनी घरून डबा घेऊन यायची. त्या दिवसांत दुपारी बाहेर चिटपाखरू नसायचं. आभाळ पांढरं, रान पांढरं, आणि शेडच्या आत शिरलं की डोळ्यांसमोर काही वेळ नुसता अंधार. त्या अंधारात पहिल्या दिवशी खर्रर्र असा आवाज झाला आणि गाडीचा एक दिवा वर आला. एकच. दुसरा मिटलेला.

मी दारातच थबकले. वहिनी मात्र पुढं झाली आणि जसं काही झालंच नाही तसं बॉनेटवरची धूळ पदरानं पुसू लागली.

कारखान्यातल्या एका वायरमनला मी बोलावून आणलं. तो दादाच्या हाताखालचा. त्यानं वायरी तपासल्या. म्हणाला, उन्हानं दिव्याच्या मोटारीचा रिले तापतो, मग असं होतं, जुन्या गाड्यांत हा रोग असतोच. त्यानं बॅटरीची तार काढून बाजूला ठेवली आणि दिवा हातानं फिरवून बंद केला. "आता न्हाई उघडायचा," म्हणाला.

पुढच्या खेपेला दुसरा दिवा उघडा होता.

दिवे वर-खाली करायला हातानं फिरवायची एक चकती असते, ती कुणीही फिरवू शकतो. राखणदाराला विचारलं तर तो कानाला हात लावून म्हणाला, "आक्का, मी त्या गाडीच्या आंगाला जात सुदिक न्हाई. मला काय करायचंय तिचे डोळे उघडून?" मग खाटेवरून जरा पुढं सरकून म्हणाला, "पर दुपारच्याला आवाज येतो बघा. विंजिनाचा. लई न्हाई, जरासा. जसं कुणी चालू करून बसलंय आणि गाडी काय न्यायला तयार न्हाई."

मी आत जाऊन बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. मग शेजारच्या जिनिंगच्या बंद मशीनवर ठेवला. तेही गरम. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काय गार असणार? मी एवढं मनाशी पक्कं केलं. तरी बाहेर आल्यावर लक्षात आलं की हाताला दोन्हींत फरक जाणवला होता. मशीन वरून तापलेलं होतं. गाडी आतून.

चाकांचा निर्णय त्याच आठवड्यात झाला. मी जरा उशिरा पोहोचले. राखणदार झाडाखाली झोपला होता. दारापाशी चप्पल काढताना आतून वहिनीचा आवाज ऐकू आला. मला वाटलं फोनवर बोलतेय.

"जाळीचे नकोत? कावून बरं?" मग थांबली. "हां, ते हाय. आऱ्यांत चिखल बसतो. पर चिखल ऱ्हायलाय कुठं आता?" ती हसली, थोडंसं. पुन्हा थांबली, यावेळी जास्त वेळ. "मोठं चाक मडगार्डला घासंल, आपल्या रस्त्यानं पातळ टायर टिकायचं न्हाई... बरं, बरं. तुमी म्हणता तेच घेऊ."

मी आत गेले. ती जमिनीवर बसली होती, दोन्ही नमुन्यांचं एकेक चाक समोर ठेवून. फोन शेजारी डब्याच्या पिशवीत होता. डब्यातल्या भाकरीचे तिनं दोन वाटे केले होते, आणि दुसरा वाटा माझ्यासाठी नव्हता. माझा डबा वेगळा बांधलेला होता.

"ताई, पितळी घ्यायचे," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"हेच की."

मी तिथून बाहेर येऊन उन्हात उभी राहिले. तिला बीडला एखाद्या डॉक्टरला दाखवावं असं मनात आलं. आणि त्याच वेळी हेही आलं की वहिनीला मडगार्ड आणि पातळ टायरची ही भाषा कधी अवगत झाली? दादाच्या शेजारी बसून ऐकली असेल. ऐकलीच असणार. पण ती बोलत होती त्या सुरात, ऐकलेलं आठवून सांगतोय असं काही नव्हतं.

जाळीचा संच परत करण्यासाठी मी चाकं पाठवणाऱ्या दुकानदाराला फोन केला. तो पुण्याचा. दादा गेल्याचं ऐकून हळहळला. मग म्हणाला, "मला साहेबांनी सांगितलं होतं की ठेवणार पितळीच आहेत. पण दोन्ही पाठवा म्हणाले. मी म्हटलं, उगाच येण्याजाण्याचा खर्च. तर म्हणाले, बायकोसमोर दोन्ही ठेवायचेत. मी पितळी म्हणणार, ती हो म्हणणार. एकदा तरी ती नाही म्हणते का, ते मला बघायचंय."

मी हे वहिनीला सांगितलं नाही. त्या वेळी ते तिला सांगणं म्हणजे चटका देण्यासारखं वाटलं.

रंगाचं प्रकरण लांबलं. दादानं बीडच्या त्याच पेंटरकडून पत्र्याच्या पट्ट्यांवर पाच रंग मारून आणले होते आणि त्या पट्ट्या शेडच्या आडव्या पाइपाला तारेनं टांगल्या होत्या. मोत्यासारखी झाक असलेला पांढरा, चमक नसलेला काळसर करडा, लाल, निळा आणि चांदीचे कण घातलेला गर्द हिरवा. सावलीत तो काळाच वाटायचा. पत्र्याच्या एखाद्या फटीतून उन्हाची तिरीप पडली की मग आतून हिरवा पेटायचा, पाणी भरलेल्या खोल विहिरीसारखा. आमच्याकडं विहिरीत असं पाणी पाहून तेव्हा बराच काळ लोटला होता.

वारा नसायचा, पण पट्ट्या एकमेकींवर आपटून किणकिण करायच्या. आणि आम्ही कधीही गेलो तरी हिरवी पट्टी तोंड समोर करून असायची, बाकीच्या चार भिंतीकडं वळलेल्या. मी मुद्दाम त्या सगळ्या समोर वळवून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तार उन्हानं तापते, पीळ सुटतो, पट्टी फिरते. मला कारण सुचत होतं. मला प्रत्येक गोष्टीचं कारण सुचत होतं, आणि तरी मी वहिनीशिवाय एकटी त्या शेडमध्ये पाऊल टाकत नव्हते.

"त्यांना हिरवी पाहिजे," वहिनी एक दिवस म्हणाली.

"मग हिरवी करू," मी म्हणाले. मला ते लवकर संपवायचं होतं.

 ती उठली, गाडीभोवती एक फेरी मारली. करड्या प्रायमरमध्ये ती गाडी राख फासल्यासारखी दिसायची. वहिनी ड्रायव्हरच्या दारापाशी थांबली आणि काचेतून आत बघत, आत कुणी बसलेलं असावं तशा आवाजात म्हणाली, "न्हाई. हिरवी न्हाई."

पट्ट्या वाजायच्या थांबल्या. मी हे रंगवून सांगत नाही. त्या वाजत होत्या आणि थांबल्या, एवढंच.

"हिरवी चांगली हाय," ती पुढं म्हणाली.  "तुमाला शोभली असती. पर आता चालवायची मला हाय. मला पिवळी पाहिजे. करडईच्या फुलासारखी. उगं लिंबासारखी न्हाई, भगवीकडं झुकलेली."

मग ती माझ्याकडं वळली. सासरी आल्यापासून इतकं सलग ती माझ्याशीही बोलली नव्हती. "आमच्या तलवाड्याच्या रानात पाऊस दगा द्यायचा, तरी करडई यायची. एवढी काटेरी, बैलसुदिक तोंड घालत न्हाई, आणि फूल बघावं तर असलं. लेकी करडई वेचायला जायच्या न्हाईत, काटे लागतेत म्हणून. मी जायची." थोडं थांबून म्हणाली, "साडीला पिवळा नको म्हणतेल आता लोक. गाडीला कोण म्हणंल?"

गाडी टेम्पोवर चढवून बीडला त्याच पेंटरकडं नेली. मोंढ्याच्या पलीकडं त्याची पत्र्याची खोली होती, प्लास्टिकच्या पडद्यांनी बंद केलेली. तो पन्नाशीचा, दखनी वळणाचं मराठी बोलणारा माणूस. रंग ऐकून म्हणाला, "भाभी, इधर पिवळी गाडी कोण रंगवतो? सगळ्याला सफेद पाहिजे, पुढाऱ्यासारखी. पिवळी म्हंजी शाळेची बस." पण वहिनीनं पिशवीतून वाळलेली करडईची फुलं काढून त्याच्या हातावर ठेवली. ती त्यानं पाण्यात भिजवली, उजेडात धरली आणि त्यावरून डब्यांतले रंग मिसळत बसला. तिसऱ्या मिश्रणाला वहिनी म्हणाली, "हाच."

घासकाम ओल्या पेपरनं करायचं असतं, आणि पाणी त्याच्याकडंही टँकरचंच. एकच बादली तो निवळून निवळून वापरत होता. तळाशी करडा गाळ बसलेला.

आधी एक दरवाजा करून बघू, असं ठरलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. फवाऱ्याचा आवाज बराच वेळ चालला, मग थांबला, आणि पेंटर तोंडावरचं फडकं काढत बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता. "आत या," म्हणाला.

दरवाजा हिरवा दिसत होता.

गर्द नाही. रोगट, शेवाळी, पिवळ्याच्या आतून वर आलेला हिरवा. पण हिरवाच. पेंटरनं डब्याचं झाकण उचलून दाखवलं. आतला रंग लख्ख पिवळा. त्याच्या हातमोज्यावर पिवळा, जमिनीवरच्या कागदावर पिवळे थेंब. दरवाजावर मात्र हिरवा.

"तीन हात मारले," तो म्हणाला. "जितका मारतो तितका तो खालून वर येतो. माझ्या हाताला असं कधी झालेलं न्हाई."

 वहिनी दरवाजासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. मग अगदी हळू, घरातल्या माणसाची तक्रार करावी तसं म्हणाली, "ऐकत न्हाईत."

"कोण?" पेंटरनं विचारलं.

 तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "घासून काढा. पुन्हा करा."

पेंटर एवढा धास्तावला होता की त्यानं काम सोडायचं बोलून दाखवलं. पण घरी जाता जाता तो रंगाच्या दुकानात विचारायला गेला आणि तिथं त्याला कारण कळलं. पिवळा रंग पातळ असतो, खालचं झाकत नाही. करड्या प्रायमरवर मारला तर करडा आतून डोकावतो आणि डोळ्याला हिरवट दिसतं. आधी पांढरं अस्तर द्यावं लागतं. फोनवर हे सांगताना तो मोकळेपणानं हसला. मीही हसले. फोन ठेवल्यावर मला वाटलं, कारण तर कळलं, पण दादाला हे नक्की माहीत असणार. प्रायमर करडाच मारा, असं त्यानंच पेंटरला सांगितलं होतं.

पांढरं अस्तर बसलं. त्यावर पिवळा बसला, त्यावर चकाकीचा थर. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पेंटरनं गाडी पडद्याबाहेर उन्हात काढून ठेवली होती. पितळी चाकं चढवलेली. मोंढ्यातली माणसं पोती खाली ठेवून बघत उभी होती. सगळ्या मातकट, पांढुरक्या रस्त्यावर तेवढाच एक रंग. डोळ्यांना बोचेल इतका जिवंत. वहिनीनं फक्त दाराच्या कडेवरून बोट फिरवलं.

परत येताना तिनं टेम्पोवाल्याला जिनिंगजवळ थांबायला सांगितलं. शेडमध्ये एकटी गेली. मी बाहेर राखणदाराशी बोलत राहिले. तो म्हणाला, "गाडी नेल्यापून आवाज बंद झाला बघा." वहिनी थोड्या वेळानं आली. टांगलेल्या पाची पट्ट्या तिनं सोडवून आणल्या होत्या. "आत कुणीच न्हाई आता," ती म्हणाली. सुटका झाल्यासारखं नव्हे. एखादं घर बंद करून आल्यासारखं.

कागदपत्रं दुरुस्त व्हायला वेळ गेला. दादानं तिला कारखान्याची जीप चालवायला शिकवली होती, त्यामुळे हात बसलेला होता. मग एका सकाळी ती म्हणाली, "तलवाड्याला जायचं. चला."

त्या गाडीत बसलं की रस्ता अगदी बुडाखाली येतो. गतिरोधकांवर वहिनी ती तिरकी घ्यायची, तरी खालून खरडायचंच. दोन्ही बाजूंना छावण्यांचे मांडव, टँकरच्या मागं ओळीत लावलेल्या घागरी. बाया घागरी सोडून बघायच्या. गेवराईच्या पुढं रस्ता सरळ झाला, वाहनं कमी झाली. वहिनी बराच वेळ काहीतरी कान देऊन ऐकत होती.

"ताई, तुमाला काय ऐकू येतंय का?"

"नाही. इंजिनाचा आवाज येतोय."

"मला पण तेवढाच." तिनं गाडी बाभळीखाली उभी केली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवून रडायला लागली. दवाखान्यात, मातीच्या वेळी, तेराव्याला, कुठंच ती अशी रडली नव्हती. "मी न्हाई म्हणलं ना, म्हणून गेले. रोज यायचे. रोज बोलायचे. मी जिंदगीत एकदा न्हाई म्हणलं आणि ते गेले."

मग मी तिला दुकानदाराचं बोलणं सांगितलं. शब्द न शब्द. एकदा तरी ती नाही म्हणते का, ते मला बघायचंय.

तिनं डोकं वर केलं. माझ्याकडं बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही. "असं म्हणले?"

"असंच म्हणाला."

"मग बघितलं म्हणायचं त्यांनी," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनं गाडी चालू केली.  तलवाड्याला तिची आई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन दारात आली. चाकावर पाणी ओतायचं म्हणून तांब्या वाकडा केला, मग थांबली आणि ओंजळीएवढंच सांडलं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. वहिनीला कारखान्याच्या ऑफिसात काम मिळालं आणि ती त्याच गाडीनं जाऊ लागली. लोक आधी बोलले, मग त्यांना सवय झाली. वडील मात्र त्या गाडीकडं पाठ करूनच बसायचे. अंगणात ती उभी असली तर दुसऱ्या दारानं बाहेर पडायचे.

कारखाना पुन्हा सुरू करायचा का, यावर सभासदांची सभा ठरली. त्या दिवशी सकाळी वडील धोतर नेसून, काठी घेऊन तयार झाले. त्यांना नेहमी न्यायला येणारी कारखान्याची जीप आली नाही. अंगणात दोन-तीन येरझाऱ्या घालून ते वहिनीला म्हणाले, "सभेला सोडतीस का?"

तिनं दार उघडून धरलं. त्यांना आत बसायला बराच वेळ लागला. काठी कुठं ठेवावी ते कळेना. शेवटी ती दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली. मी गाडीच्या खिडकीपाशीच उभी होते. गाडी चालू झाली. वडिलांनी समोर बघतच, कोऱ्या आवाजात, दादाशेजारी बसल्यावर वर्षानुवर्षं म्हणायचे तसं म्हटलं, "हळू घे रे."

मी वहिनीकडं बघितलं. तिनं वडिलांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. "हो," म्हणाली, आणि गाडी फाटकाबाहेर काढली.